लाफ्रॉइग: व्हिस्कीत धूर येतो कुठून आणि टिकतो कसा

१९०८ साली पीटर मॅकी या बड्या व्हिस्की व्यापाऱ्याने स्कॉटलंडच्या आय्ला बेटावर, स्वतःच्या लागाव्हुलिन डिस्टिलरीच्या आवारातच, आणखी एक छोटी डिस्टिलरी बांधली. तिचं नाव माल्ट मिल. मैलभर अंतरावरच्या लाफ्रॉइग डिस्टिलरीत जी व्हिस्की बनते, हुबेहूब तशीच आपणही बनवायची, एवढ्याच इरेने हा सगळा खर्च झाला होता. मॅकीने लाफ्रॉइगमधल्या तांब्याच्या भांड्यांसारखी भांडी घडवून घेतली. तिथला एक कसबी माणूसही फोडून आणला, असं सांगतात. बेट तेच, धुरासाठी जाळायचं पीट (पाणथळ जागेतला मातीसारखा पदार्थ) तेच, समुद्रावरून येणारा वाराही तोच. व्हिस्की तयार झाली, विकलीही गेली, पण लाफ्रॉइगची चव काही तिला आली नाही. माल्ट मिल १९६२ पर्यंत चालली आणि बंद पडली.

मॅकीचा राग समजण्यासारखा होता. त्याची कंपनी अनेक वर्षं लाफ्रॉइगची विक्री करत होती आणि १९०७ मध्ये लाफ्रॉइगच्या मालकांनी हा करार संपवला. मग त्याच्या माणसांनी लाफ्रॉइगकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाटात दगड टाकून पाणीच अडवलं. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल लाफ्रॉइगच्या बाजूने लागला आणि पाट मोकळा करून द्यावा लागला. पाणी अडवता येईना, करार मिळेना, म्हटल्यावर त्याने नक्कल करायचं ठरवलं.

ही नक्कल फसली कशी, हे समजून घेतलं की पीटेड, म्हणजे पीटच्या धुराची, व्हिस्की काय असते हे जवळजवळ पूर्ण समजतं. म्हणून मी तिच्यापासून सुरुवात केली. लाफ्रॉइगची चव कुठल्या एकाच गोष्टीत नाही. भट्टीत, तांब्याच्या भांड्यात आणि लाकडी पिंपात जे छोटे छोटे निर्णय घेतले जातात, त्यांची ती बेरीज आहे, आणि हे निर्णय पिढ्यानपिढ्या हट्टाने जपणाऱ्या माणसांची. त्यातला एक जरी बदलला तरी गणित बिघडतं.

आधी वास

लाफ्रॉइगचा ग्लास पहिल्यांदा नाकाशी नेणारे बरेच लोक चेहरा वाकडा करतात. धूर असतोच, पण त्याच्या मागून दवाखान्याचा वास येतो. टिंक्चर, बँडेज, डांबर, ओलं शेवाळ, असे शब्द लोक वापरतात. हे शब्द अतिशयोक्तीचे वाटले तरी त्यांना रसायनशास्त्राचा आधार आहे.

लाकूड किंवा झाडपाला हवा कमी मिळेल अशा बेताने धुमसत जळला की त्यातल्या लिग्निन नावाच्या पदार्थाचे तुकडे होतात. त्यातून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी संयुगं धुरात मिसळतात. या सगळ्या कुटुंबाला मिळून फिनॉल्स म्हणतात. ग्वायकॉलला लाकडाच्या धुराचा वास असतो. क्रेसॉलला डांबराचा आणि औषधाचा. आणि खुद्द फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. १८६० च्या दशकात जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने ग्लासगोच्या रुग्णालयात जखमा निर्जंतुक करायला हेच कार्बोलिक आम्ल वापरलं आणि पुढे जगभरच्या दवाखान्यांना त्याचा वास चिकटला. आपल्याकडे ज्यांना जुना लाल लाइफबॉय साबण आठवतो, त्यांच्या नाकात तोच कार्बोलिक वास बसलेला आहे. तेव्हा लाफ्रॉइग हुंगून कुणी ‘हा तर दवाखाना!’ म्हणालं तर त्याच्या नाकाने अगदी बरोबर ओळखलेलं असतं.

पीट म्हणजे काय

आय्ला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. वस्ती जेमतेम तीन हजारांची, झाडं कमी, वारा आणि पाऊस भरपूर. सखल भागात पाणी साचून राहतं. अशा पाणथळ जागी शेवाळ, गवत, हेदरची झुडपं मरतात, पण पाण्याखाली प्राणवायू पुरेसा नसल्यामुळे ती पूर्ण कुजत नाहीत. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि काळपट तपकिरी, भिजलेल्या मातीसारखा पदार्थ तयार होतो. तो म्हणजे पीट. थर वाढण्याचा वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे हातभर खोलीवरचं पीट शेकडो वर्षांपूर्वीचं असतं.

जिथे लाकूड नाही आणि कोळसा बोटीने आणावा लागतो, तिथे लोकांनी घर ऊबदार ठेवायला आणि स्वयंपाकाला पीटच जाळलं. धान्य वाळवायलाही तेच. व्हिस्कीला धूर लागला तो असा गरजेपोटी. पुढे रेल्वे आली, मुख्य भूमीवरच्या डिस्टिलऱ्यांना कोळसा आणि कोक स्वस्तात मिळू लागला, आणि त्यांच्या व्हिस्कीतला धूर ओसरत गेला. बेटावर तो टिकून राहिला.

लाफ्रॉइगचं पीट ग्लेनमाकरी नावाच्या पाणथळ माळावरून येतं. तिथे अजूनही हाताने पीट काढतात. वरचा हिरवा थर अलगद बाजूला करून ठेवायचा, खालून लांबट विटेसारखे तुकडे कापायचे, ते उघड्यावर रचून वाळवायचे आणि शेवटी हिरवा थर परत जागेवर अंथरायचा. हाताने कापलेलं पीट थोडं ओलसर राहतं, आणि भट्टीवाल्याला तेच हवं असतं. त्याला ज्वाळा नको, दाट, गार धूर हवा.

पीटची जातही महत्त्वाची. बेटावरच्या पीटमध्ये शेवाळ आणि हेदर जास्त, तर मुख्य भूमीवरच्या काही भागांतल्या पीटमध्ये झाडांचे, मुळांचे अवशेष जास्त. जे जळतं ते वेगळं, म्हणून धुरातली संयुगंही वेगळी. मुख्य भूमीवरच्या पीटचा धूर साधारणपणे शेकोटीच्या अंगाने जातो, तर आय्लाचा औषधी अंगाने.

भट्टीतले तास

बार्लीच्या दाण्यात स्टार्च असतो. अल्कोहोल तयार करणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. म्हणून दाण्याला फसवावं लागतं. मटकीला मोड आणताना आपण जे करतो तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं: बार्ली भिजवायची, पाणी काढायचं, पसरून ठेवायची. दाण्याला वाटतं उगवायची वेळ झाली, आणि तो आपल्या पोटातला स्टार्च फोडायची विकरं तयार करतो. कोंब बाहेर पडायला लागला की नेमक्या वेळी दाणा वाळवून ही वाढ थांबवायची. या वाळलेल्या दाण्याला माल्ट म्हणतात.

आज बहुतेक डिस्टिलऱ्या माल्ट बाहेरून विकत आणतात. लाफ्रॉइगमध्ये मात्र जुन्या पद्धतीची लांबलचक जमीन अजून वापरात आहे. तिच्यावर ओली बार्ली पसरतात आणि काही तासांनी पुन्हा पुन्हा लाकडी फावड्यांनी उलथतात, नाहीतर खालचे दाणे तापतात आणि कोंब एकमेकांत गुंततात. रात्रपाळीलाही हे काम चुकत नाही. एवढं करूनही डिस्टिलरीची गरज फार तर पाचव्या हिश्शाइतकीच भागते. बाकी माल्ट बाहेरून येतं; शेजारच्या पोर्ट एलन गावातल्या मोठ्या माल्टिंग कारखान्याने लाफ्रॉइगसह बेटावरच्या इतर डिस्टिलऱ्यांनाही वर्षानुवर्षं माल्ट पुरवलं आहे.

मग या थोड्याशा माल्टसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर भट्टीत आहे. जमिनीवरून उचललेली ओली बार्ली जाळीदार तळावर पसरतात आणि खाली पीट पेटवतात. धूर दाण्याच्या सालीला चिकटतो तो दाणा ओला असेपर्यंतच. साल कोरडी झाली की धूर नुसता स्पर्श करून निघून जातो. म्हणून लाफ्रॉइगमध्ये आधी कमी आचेवर तासन् तास फक्त धुरी देतात आणि दाणे पुरते वाळवायचं काम त्यानंतर गरम हवेने करतात. मोठ्या कारखान्यात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा बरोबरीने चालतात. आच मंद आणि धुरी लांब, यामुळे आपल्या माल्टमधल्या फिनॉल्सचं मिश्रणच वेगळं होतं, असं डिस्टिलरीचं म्हणणं आहे. धूर सारखाच वाटला तरी क्रेसॉल आणि ग्वायकॉलचं प्रमाण बदललं की चव बदलणार, हे रसायनशास्त्राला धरूनच आहे.

पीपीएमचा गैरसमज

पीटेड व्हिस्कीवर बोलणारे लोक पीपीएमचे आकडे फार फेकतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग फिनॉल्स. लाफ्रॉइगच्या माल्टमध्ये साधारण ४० ते ५०, बेटावरच्याच आर्डबेग डिस्टिलरीच्या ५५ च्या आसपास, लागाव्हुलिनच्या ३५ च्या आसपास. ब्रूकलॅडी डिस्टिलरीने ऑक्टोमोर नावाने काढलेल्या एका व्हिस्कीच्या माल्टमध्ये तर हा आकडा ३०९ पर्यंत गेला होता.

पण हे आकडे बाटलीतले नसतात, माल्टमधले असतात. माल्ट दळला जातो, गरम पाण्यात कालवला जातो, साखरपाणी काढून घेऊन चोथा फेकला जातो. धूर सालीत असल्यामुळे त्यातला बराच भाग चोथ्याबरोबरच जातो. मग आंबवणं, मग दोनदा ऊर्ध्वपातन, मग पिंपातली वर्षं. प्रत्येक पायरीवर फिनॉल्स गळत जातात आणि बाटलीपर्यंत त्यांचा छोटासा हिस्साच पोहोचतो. किती पोहोचतो हे त्या त्या डिस्टिलरीच्या पद्धतीवर ठरतं, त्यामुळे दोन व्हिस्क्यांची तुलना पीपीएमवरून करणं फसवं आहे. काउल इला आणि लागाव्हुलिन या एकाच मालकाच्या दोन डिस्टिलऱ्या. दोघींना पोर्ट एलनहून जवळपास सारख्याच पीपीएमचं माल्ट जातं. तरी काउल इला हलकी, स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखी लागते, आणि लागाव्हुलिन जड, मऊ, गोडसर. फरक पडतो तो तांब्याच्या भांड्यांच्या घडणीमुळे आणि ती चालवण्याच्या रीतीमुळे.

कट

आता येतो तो टप्पा, जिथे माझ्या मते लाफ्रॉइगचा स्वभाव ठरतो.

आंबवलेलं पाणी म्हणजे एक प्रकारची बिनहॉप्सची (कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं न घातलेली) बिअर. ती तांब्याच्या मोठ्या भांड्यात तापवली की अल्कोहोल आधी वाफ होऊन वर जातं, पाणी मागे राहतं. पहिल्या फेरीत वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेलं द्रव मिळतं. ते दुसऱ्या, लहान भांड्यात पुन्हा तापवतात. या दुसऱ्या फेरीत जे काही थेंबाथेंबाने बाहेर येतं त्याचे तीन भाग करावे लागतात. सुरुवातीचा भाग उग्र, प्यायला अयोग्य. शेवटचा भाग पाणचट, कुबट. व्हिस्की होते ती फक्त मधल्या भागाची. मधला भाग कधी धरायचा आणि कधी सोडायचा, या निर्णयाला कट म्हणतात.

हा निर्णय होतो पितळी चौकटीच्या, काचेच्या एका पेटीपाशी. तिला स्पिरिट सेफ म्हणतात. पूर्वी तिच्या कुलपाची किल्ली सरकारी अबकारी अधिकाऱ्याकडे असायची, कारण आतल्या प्रत्येक थेंबावर कर होता. काम करणाऱ्याला आत हात घालता येत नाही, चाखता येत नाही. तो काचेतून धार बघतो, तरंगणाऱ्या मापकावर अल्कोहोलचं प्रमाण वाचतो, तापमान बघतो आणि बाहेरचा दांडा फिरवतो. दांडा फिरला की आतली तोटी एका भांड्यावरून दुसऱ्यावर जाते. चव अशी दांड्याच्या एका फेऱ्यावर अवलंबून असते.

सुरुवातीला वाफेबरोबर येतात ती हलकी, फळांच्या वासाची, गोडसर संयुगं. फिनॉल्स जड असतात, ती उशिरा येतात, आणि औषधी, डांबरी वासाची तर अगदी शेवटी. लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीचा भाग तब्बल ४५ मिनिटं बाजूला काढतात. इतर बऱ्याच ठिकाणी हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. म्हणजे जी फळांची गोडी इतर डिस्टिलऱ्या आनंदाने ठेवतात, तिचा मोठा भाग लाफ्रॉइग बाजूला सारते. आणि शेवटाला मात्र ती लवकर थांबत नाही. अल्कोहोल ६० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत धार धरून ठेवते, म्हणजे उशिरा येणारी फिनॉल्स आत येतात. आर्डबेगमध्ये धूर जास्त असूनही तिच्यात एक फळांचा गोडवा जाणवतो, आणि लाफ्रॉइग मात्र कोरडी, औषधी लागते. त्यामागे हा कट मोठं कारण आहे.

लाफ्रॉइगची भांडी विषम संख्येत आहेत: पहिल्या फेरीची तीन आणि दुसऱ्या फेरीची चार. त्या चारांतलं एक इतरांच्या जवळपास दुप्पट आकाराचं. सगळी मिळून वर्षाला सुमारे ३३ लाख लिटर शुद्ध अल्कोहोल काढू शकतात. मॅकीने भांड्यांचा आकार उचलला. पण आकाराबरोबर भट्टीची सवय, आंबवण्याची सवय, कटची वेळ हे सगळं जसंच्या तसं उचलणं त्याला जमलं नाही, असं मला वाटतं.

समुद्र आणि पाणी

जाहिरातींत दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, बेटावरचं तपकिरी, पीटमधून झिरपलेलं पाणी व्हिस्कीला धुराची चव देतं. दोन, समुद्राचं मीठ व्हिस्कीत उतरतं.

पाण्याचं म्हणणं फारसं टिकत नाही. ब्रूकलॅडी याच बेटावर, इथलंच पाणी वापरते, आणि तिची मुख्य व्हिस्की बिनधुराची आहे. धूर येतो तो जळलेल्या पीटमधून, भिजलेल्या पीटमधून नाही. मिठाबद्दल सांगायचं तर मीठ वाफेबरोबर वर चढतच नाही, त्यामुळे ताज्या स्पिरिटमध्ये ते असण्याचा प्रश्न नाही. जिभेला जे खारट वाटतं ते बहुधा धूर, कोरडेपणा आणि औषधी चव यांच्या मिश्रणातून वाटतं. लाटांच्या तोंडावर असलेल्या गोदामात पिंपं वर्षानुवर्षं राहतात, दमट थंड हवा त्यांना लागते, हे खरं. त्याचा परिणाम किती, यावर जाणकारांचं एकमत नाही.

पिंपाबद्दल मात्र वाद नाही. लाफ्रॉइग मुख्यतः अमेरिकेत बर्बन (तिथली मक्याची व्हिस्की) भरून रिकामी झालेली ओकची पिंपं वापरते. बर्बनसाठी कायद्याने नवंच, आतून जाळलेलं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिथे मुबलक मिळतात. या लाकडातून व्हॅनिला आणि नारळाचा गोडवा येतो आणि औषधी कडवटपणाला तोंड देतो. वयाने फिनॉल्स हळूहळू कमी होतात, म्हणून पंचवीस वर्षांची लाफ्रॉइग दहा वर्षांच्या लाफ्रॉइगपेक्षा सौम्य, फळांकडे झुकलेली असते. जास्त वय म्हणजे जास्त धूर, असं समजून महागडी बाटली घेणाऱ्यांची इथे निराशा होते.

माणसं

डिस्टिलरीच्या भिंतीवर १८१५ साल रंगवलेलं आहे. अलेक्झांडर आणि डोनाल्ड जॉन्स्टन हे दोघे भाऊ आय्लाच्या दक्षिण किनाऱ्यावर गुरं पाळायचे. गुरांसाठी पिकवलेली बार्ली उरली की तिची व्हिस्की करायचे, आणि व्हिस्कीला गुरांपेक्षा जास्त पैसे येऊ लागले. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांत परवाना मिळायला लागल्यावर बेटांवरच्या चोरट्या भट्ट्या उजेडात आल्या आणि जॉन्स्टन बंधूंचा धंदाही कायदेशीर झाला. १८३६ मध्ये डोनाल्डने भावाचा हिस्सा विकत घेतला. १८४७ मध्ये तो वारला. अर्धवट तयार झालेल्या मद्याच्या कढत हौदात पडून, असं सांगितलं जातं.

पुढे कुटुंबात हात बदलत गेले आणि १९०८ मध्ये, माल्ट मिल उभी राहिली त्याच वर्षी, इयन हंटर हा कुटुंबातला तरुण बेटावर आला. जॉन्स्टन घराण्यातला तो शेवटचा मालक. हंटर तापट आणि गुप्तता जपणारा. बाहेरच्यांना डिस्टिलरी दाखवणं त्याला आवडायचं नाही, आणि मॅकीशी झालेलं भांडण पाहिलं तर ते समजूही शकतं. १९२३ पर्यंत त्याने उत्पादन दुप्पट केलं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा त्याने लाफ्रॉइग तिथे औषध म्हणून विकली. हा वास घेतल्यावर कुठला कस्टम अधिकारी ‘हे कुणी आवडीने पीत असेल’ असं म्हणणार होता!

१९३४ च्या उन्हाळ्यात त्याने कचेरीसाठी लघुलेखन-टंकलेखन करणारी व्यक्ती हवी अशी जाहिरात दिली. काम तीन महिन्यांचं. ग्लासगो विद्यापीठातून पदवी घेतलेली, तेविशीतली बेसी विल्यमसन सुट्टीच्या निमित्ताने बेटावर होती. तिला नोकरी हवी होती, मिळाली, आणि मग ती परतलीच नाही. कचेरीतल्या कागदपत्रांपासून सुरुवात करून तिने डिस्टिलरीचा एकेक कोपरा समजून घेतला. हंटर कुणाला काही सांगत नसे, पण तिला सांगायला लागला. १९३८ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि रोजचा कारभार बेसीच्या हाती आला.

लगेच युद्ध सुरू झालं. उत्पादन थांबलं, सैन्याने गोदामं दारूगोळा साठवायला ताब्यात घेतली. तांब्याची भांडी, भट्ट्या, पिंपं या सगळ्याला धक्का लागू न देता युद्ध संपल्यावर काम पुन्हा पहिल्यासारखं सुरू करायचं, ही जबाबदारी तिने निभावली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. चव जपणारे निर्णय कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. ते करणाऱ्या माणसांच्या हातात होते, आणि युद्धात ती माणसं विखुरली होती.

१९५४ मध्ये हंटर वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याने डिस्टिलरी बेसीच्या नावावर करून ठेवली होती. बेटावर तीन महिन्यांसाठी आलेली टंकलेखिका मालकीण झाली. विसाव्या शतकात स्कॉच डिस्टिलरीची मालकी आणि कारभार दोन्ही सांभाळणारी ती पहिली स्त्री. त्या काळी आय्लाची व्हिस्की जवळजवळ सगळी ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक व्हिस्क्यांच्या मिश्रणात, थोडी थोडी घालण्यासाठी विकली जायची. एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की स्वतःच्या नावाने बाटलीत विकण्याला पुढे मोठी बाजारपेठ येणार, हे तिने ओळखलं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉच उद्योगाची प्रतिनिधी म्हणून ती अमेरिकेत फिरली.

तिचे कामगारांशी असलेले संबंध बेटावर आजही आदराने सांगितले जातात. माणसं कमी करण्यापेक्षा ती खर्च दुसरीकडे वाचवायची. पण डिस्टिलरीला मोठ्या दुरुस्तीसाठी भांडवल हवं होतं आणि ते एकटीला शक्य नव्हतं, म्हणून तिने १९६० च्या दशकात टप्प्याटप्प्याने मालकी एका अमेरिकी भांडवलाच्या कंपनीकडे सोपवली. स्वतः मात्र १९७२ पर्यंत कारभार पाहत राहिली. १९८२ मध्ये ती वारली. एका माणसाच्या मालकीचा काळ तिच्याबरोबर संपला असला तरी मोठ्या कंपनीच्या हाती जाताना भट्टी आणि माल्टची जमीन शाबूत राहिली, याचं बरंचसं श्रेय मी तिलाच देतो.

आज

त्यानंतर मालक अनेकदा बदलले. २०१४ पासून डिस्टिलरी जपानच्या सनटोरी समूहाकडे आहे. १९९४ मध्ये, तेव्हा युवराज असलेल्या चार्ल्स यांनी तिला आपलं राजचिन्ह लावायची परवानगी दिली. त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ लाफ्रॉइग’ ही योजना सुरू झाली. बाटली विकत घेणाऱ्याला डिस्टिलरीसमोरच्या माळावरची एक चौरस फूट जमीन आयुष्यभराच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि त्या जमिनीचं भाडं म्हणून डिस्टिलरीच त्याला वर्षाला एक घोट व्हिस्की देते, तेही त्याने तिथे येऊन मागितली तर. लोक गमबूट घालून चिखलात आपला फूटभर तुकडा शोधायला खरोखर जातात.

एक प्रश्न मात्र गंभीर आहे. पीटभूमी प्रचंड प्रमाणात कार्बन धरून ठेवते. ती खोदली, कोरडी पडली, की तो कार्बन हवेत जातो. व्हिस्कीसाठी निघणारं पीट बागकामासाठी निघणाऱ्या पीटच्या मानाने फार थोडं आहे, तरी वर्षाला मिलिमीटरने वाढणारी गोष्ट फार काळ उपसता येणार नाही. म्हणून खराब झालेल्या पीटभूमीत पुन्हा पाणी धरून ती जिवंत करण्याचा कार्यक्रम लाफ्रॉइगच्या मालक कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केला. माल्टभोवती धूर जास्त काळ धरून ठेवेल अशी भट्टी, कमी पीटमध्ये जास्त धूर, अशा दिशेने या उद्योगाला जावंच लागेल.

गोव्याच्या उन्हात पीट

२०२२ मध्ये स्कॉचच्या बाटल्यांच्या संख्येनुसार भारत जगातला सर्वांत मोठा ग्राहक ठरला: सुमारे २१.९ कोटी बाटल्या. यातल्या बहुतांश ब्लेंड. त्यात कुठे कुठे जो पुसटसा धूर जाणवतो, तो अशाच पीटेड माल्टचा.

आपल्या अगदी जवळ, दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला, पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की बनते. तिच्या काही व्हिस्क्यांसाठी पीट स्कॉटलंडहून आणतात, आणि ‘बोल्ड’ या व्हिस्कीसाठीचं पीट थेट आय्लाचं असतं. बेंगळुरूच्या अमृतची ‘फ्यूजन’ ही बिनधुराच्या भारतीय बार्लीचं माल्ट आणि स्कॉटलंडचं पीटेड माल्ट एकत्र करून होते. पण इथे हवामान सगळा हिशोब बदलतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे इथे दहा-वीस वर्षं पिंपात ठेवणं परवडत नाही, पाच-सहा वर्षांतच लाकडाची गोडी गडद उतरते आणि धुराला बसायला कमी वेळ मिळतो.

फरक अनुभवायचा असेल तर लाफ्रॉइगची दहा वर्षांची आणि पॉल जॉन बोल्ड यांचा एकेक छोटा पेग शेजारी ठेवा. बर्फ नको, सोडा नको, त्याने वास दबतो. आधी नुसतं हुंगा, मग दोन्हींत चमचाभर साधं पाणी घाला आणि पाच मिनिटं थांबा. पाण्याने अल्कोहोलचा झोंबरेपणा कमी होतो आणि मागचे वास वर येतात. गोव्याच्या ग्लासात धुराबरोबर गूळ, मध, पिकलेली फळं जाणवतात. लाफ्रॉइगमध्ये धूर ओसरल्यावर जिभेच्या मागे जो औषधी कोरडेपणा उरतो, तो उशिरापर्यंत चालवलेल्या कटचा.